छेदात नसलेलं बाळ

ताई,

मी 29 वर्षांची आहे. एमडी बालरोग करून बाँडचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष मेळघाटात काढतेय, 31 मार्चला मोकळी होईन. पुण्यात नवजात बाळांच्या अतिदक्षतेची फेलोशिप मिळालीय. सांगलीला मामाचं हॉस्पिटल आहे. तो म्हणतो फेलोशिप-बिलोशिप राहू दे, खुर्ची रिकामी ठेवलीय. मला मात्र सामुदायिक आरोग्यात जावंसं वाटतंय. एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) करावं, गावांत काम करावं. घरी हे बोलले तर बाबा म्हणाले (ते निवृत्त शिक्षक आहेत), 'अंगणवाडीत वजनंच करायची होती तर एमडी कशाला केलंस?' आमचे एचओडी (विभागप्रमुख) म्हणाले, दोन वर्षं बाळाच्या श्वासनलिकेत ट्यूब टाकली नाहीस तर हात जाईल. होणारा नवरा काहीच बोलत नाही. शैक्षणिक कर्ज फिटायचंय.

खरं सांगायचं तर मी इथे काही बदलू शकले नाही. डिसेंबरात नऊ दिवसांची एक मुलगी आली. जन्मली तेव्हा 1 किलो 800 ग्रॅम, माझ्याकडे आली तेव्हा 1600. ओलसर शालीत गुंडाळलेली, आजीच्या मांडीवर, जीपमधून अडीच तास. अंगाचं तापमान 33.4, रक्तातली साखर 22, दोन्ही फार कमी. चाळीस मिनिटांत गेली. महिन्याभरात तिची आई परत वीटभट्टीवर गेली असं कळलं. आशाताईला विचारलं तर तिने रजिस्टर पुढे केलं. बाळाच्या नावापुढे 'बाहेरगावी' लिहिलेलं. मी तिच्यावर ओरडले. तेव्हापासून झोप नीट लागत नाही. मी इथून जाणं म्हणजे पळणं आहे का? आणि राहून तरी काय करणार?

— मेळघाटातली एक बालरोगतज्ज्ञ

———

अगं,

तुला एकेरीच हाक मारते, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे.

पत्र दोनदा वाचलं. करिअर, कर्ज, मामा, एचओडी यांवर बोलूच, पण मी अडकले ती 'बाहेरगावी' या शब्दापाशी. तू तो लिहून पुढे गेलीस. मला तिथून हलता येईना.

बाळ आजीच्या मांडीवर आलं, असं तूच लिहिलंयस. कुठली आजी? मी पैज लावते, आईची आई. वीटभट्टीवरून सातव्या-आठव्या महिन्यात परतलेली बाई सासरच्या गावात येते, तिथल्या यादीत तिचं नाव आधीपासून असतं. सरकारी दवाखान्यात बाळंत होते, कागद होतात, वजन होतं, लस टोचली जाते. मग घरात दाणा नाही म्हणून किंवा बघणारं कुणी नाही म्हणून आईकडे जाते. म्हणजे बाळ बाहेरगावी नव्हतंच गं, आजोळी होतं. चार डोंगर पलीकडे असेल फार तर. सासरच्या आशाने 'बाहेरगावी' लिहिलं ते खोटं नव्हे, तिच्या गावाच्या हिशेबाने ते खरंच. आजोळच्या आशाकडे त्या बाळाचं नावच नव्हतं, कारण बाळाची आई त्या गावची सून नाही. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. कमी वजनाचं असेल तर त्याहून जास्त वेळा. ही मुलगी नवव्या दिवशी तुझ्याकडे आली, म्हणजे तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची भेट हुकली. सातव्या दिवशी कुणी तिला काट्यावर ठेवलं असतं तर वजन घसरलेलं दिसलं असतं, अंग गार लागलं असतं, दूध ओढत नाही हे कळलं असतं. तेव्हा हातात दोन दिवस होते. तुला चाळीस मिनिटं मिळाली.

त्या चाळीस मिनिटांत तू काय केलंस ते तू लिहिलं नाहीस, पण मला माहीत आहे. गरम केलंस, डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन) दिलंस, शीर सापडेना तेव्हा हाडातून दिलं असशील, अँटिबायोटिक दिलंस. त्यात काही चुकलं असेल असं मला वाटत नाही. चूक आधीच्या नऊ दिवसांत होती आणि ती कुणा एकीची नव्हती. तू ओरडलीस त्या आशाची तर नव्हतीच. तिच्याकडे जाऊन माफी माग. हा सल्ला नाही, हे काम आहे आणि ते या आठवड्यात कर. पुढे जे सांगणार आहे ते तिच्यावाचून होणार नाही.

तुझे बाबा शिक्षक आहेत, म्हणून त्यांच्या भाषेत सांगते. अपूर्णांकात वर अंश असतो, खाली छेद. हॉस्पिटलात आपल्याला अंशच दिसतो. इतकी आली, इतकी वाचली, इतकी गेली. छेद गावात असतो: एकूण जन्मली किती, त्यातली आपल्यापर्यंत पोचलीच नाहीत ती किती. आपल्या शिक्षणात सगळा जोर अंशावर. छेदाचा पेपर पीएसएमवाल्यांचा, म्हणजे सामाजिक आरोग्य विषयाचा, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचा. आणि तुझी ती मुलगी नऊ दिवस दोन्ही गावांच्या छेदात नव्हती. मेल्यावर ती थेट अंशात आली.

आरोग्यातली विषमता म्हणून जे काही आपण म्हणतो ते बरंचसं असं असतं. सरासरी चांगली दिसते. नमुना नोंदणीच्या (जन्म-मृत्यूंच्या सरकारी पाहणीच्या) 2020 च्या आकडेवारीत महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर हजारी 16 आहे आणि तुमच्या डोंगरापलीकडच्या मध्य प्रदेशाचा 43. बरं वाटतं वाचून. पण त्या 16 मध्ये पुण्याच्या कोथरूडचं बाळही आहे आणि कोरकू आदिवासींच्या ढाण्यातलं, म्हणजे वस्तीतलंही. देशभराचा हिशेब बघ. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्युदर हजारी 41.9 आहे, एकट्या आदिवासींचा काढला तर तो 50 च्या वर जातो. आणि हे मोजलेल्या मुलांचं झालं.

आता माझी गोष्ट, कारण मीही ओरडलेले आहे.

मी साखरपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना टाकला तेव्हा तिशीतली होते. हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. कारखान्याच्या मागे माळावर त्यांच्या कोप्या पडायच्या, पाचटाच्या आणि बांबूच्या, आत वाकून जायचं. 1997 च्या जानेवारीत एक कोयता, म्हणजे नवरा-बायको, दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आले. गोवर येऊन गेलेला, वर न्यूमोनिया, डोळे चिकटलेले. मी आईला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. नवव्या महिन्याची लस का दिली नाहीस? ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, 'कुठं देऊ बाई? तिकडं गेलं की म्हणत्यात तुमी कारखान्यावर हाईत, हिकडं आलं की म्हणत्यात तुमी बीडचे.' कार्ड काढून दाखवलं. बीसीजीचा शिक्का, एक-दोन डोस, आणि पुढच्या चौकोनात कुणीतरी बॉलपेनने लिहिलेलं, 'गावी नाही.'

मुलगा वाचला. एका डोळ्यात फूल पडलं, ते राहिलं. अ जीवनसत्त्वाचा एक डोस वेळेवर मिळाला असता तर बहुधा पडलं नसतं.

त्या रविवारी मी आणि माझा कंपाउंडर त्याच्या एम-एटीवरून माळावर गेलो आणि कोप्या मोजल्या. दोनशेच्या वर होत्या. उपकेंद्राच्या नर्सबाईंच्या नकाशात तो माळ 'पडीक' होता. कागदावर तिथे कुणी राहतच नव्हतं. नर्सबाई चांगल्या होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, मॅडम, मी दुपारी गेले होते दोनदा, कोप्यांत कुत्रीच होती. बरोबरच होतं. कोयते पहाटे चारला फडात जातात, मुलं घेऊनच जातात, परततात ते दिवेलागणीला. सरकारी लसीकरण सकाळी दहा ते पाच. दोन वेळापत्रकं एकमेकांना भेटतच नव्हती.

मग काय केलं, तर गुरुवारची संध्याकाळची ओपीडी बंद ठेवली. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे खेपा घालून नर्सबाईंना एका दुपारची बदली रजा मिळवून दिली. मुकादमांना चहा पाजला, कारण उचल देणारा मुकादम हो म्हणाल्याशिवाय बायका मूल पुढे करत नाहीत. आणि रात्री सातला कारखान्याच्या वजनकाट्याजवळच्या ट्यूबलाइटखाली टेबल मांडलं. मोठं काही नाही. पहिल्या गुरुवारी मुलं आली किती ते सांगत नाही, लाज वाटेल इतकी. हंगाम संपताना माझ्या वहीत माळावरच्या प्रत्येक कोपीतलं पाच वर्षांखालचं पोर होतं, त्याच्या मूळ गावासकट. मार्चमध्ये ती पानं मी कार्बन कॉपी करून त्यांच्या त्यांच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना पोस्टाने पाठवली. चार ठिकाणांहून उत्तर आलं. चार म्हणजे मला तेव्हा फार वाटले होते. माझे काही पेशंट दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले ते मात्र परत आले नाहीत, हेही सांगून ठेवते.

मी संत नव्हते. दवाखान्याचं कर्ज होतं, दोन मुली होत्या. तरी हे झालं. म्हणून कुणी सामुदायिक आरोग्याबद्दल 'त्याग' हा शब्द काढला की मी कानावर हात ठेवते. त्यागाच्या भरात आलेली माणसं दीड वर्षात थकतात, मग गावाला दोष देत परततात. पगार घेऊन, ठरलेली सुट्टी घेऊन, एक नेमका प्रश्न घेऊन आलेली टिकतात.

आता बाबांचं ते अंगणवाडीतल्या वजनांचं वाक्य. त्यांना एकदा अंगणवाडीत घेऊन जा. आमच्याकडच्या एका अंगणवाडीत लटकवायचा काटा होता, कापडी झोळीचा. वर्षभराच्या नोंदी बघताना मला सगळी मुलं जरा जास्तच सुदृढ वाटली. ताई आधी काटा शून्यावर आणून मग झोळी अडकवत होत्या. झोळी भरली दोनशे ग्रॅम. अख्ख्या गावाचं एकेक मूल दोनशे ग्रॅमने फुगलं होतं, आणि जी तीव्र कुपोषित ठरायला हवी होती त्यांतली काही कागदावर सुटली होती. ते पकडायला एमडी लागलं असं नाही, पण लहान मुलाची वाढ डोळ्यांनी ओळखणारं माणूस लागलं. दंडाच्या पट्टीवर 11.5 सेंटिमीटरच्या खाली (म्हणजे तीव्र कुपोषित) काय आणि वर काय, हे तुला जितक्या वेगाने दिसतं तितकं दुसऱ्या कुणाला दिसत नाही. वजन करणं हलकं काम नाही. ते नीट होत नाही, हाच तर रोग आहे.

एचओडींचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. हात जातो. खरंच जातो. माझा गेला. आज मला 1200 ग्रॅमच्या बाळाला ट्यूब टाकायला सांगितलं तर मी शेजारच्या पोराला हाक मारीन. आणि इथेच माझं मत बहुतेक 'समाजसेवी' लोकांपेक्षा वेगळं पडतं. ज्याला समाजात काम करायचंय त्याचा हात आधी पक्का हवा.

दिलीप महालनबीस बालरोगतज्ज्ञ होते. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. त्यांनी साखर-मिठाचं पाणी ड्रममध्ये कालवलं, लिटरला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा, आणि ड्रमला तोटी लावून ते नातेवाइकांच्या हाती दिलं. आई, भाऊ, आजी, जो कोणी जवळ असेल त्याने पाजायचं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 3.6 वर आलं. ही गोष्ट सगळे 'साधा उपाय' म्हणून सांगतात. मला ती वेगळी दिसते. तो माणूस त्याआधी अनेक वर्षं लंडन आणि कलकत्त्याच्या वॉर्डांत अतिसाराची बाळं हाताळत आला होता, तोंडावाटे द्यायच्या द्रावणावर संशोधन करत होता. सलाइन कुठे लागतंच आणि कुठे नाही लागत, हे त्याच्या बोटांत होतं. म्हणून तो सलाइनची बाटली बाजूला ठेवायचं धाडस करू शकला. कच्च्या हाताचा डॉक्टर ते करू शकला नसता, आणि करूही नये.

याच्या उलट बाजूचीही एक गोष्ट आपल्याच राज्यात आहे. अभय आणि राणी बंग दोघांपैकी कुणीच बालरोगतज्ज्ञ नाही, एक फिजिशियन, एक स्त्रीरोगतज्ज्ञ. तरी नवजात बाळांचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं काम त्यांच्या गडचिरोलीतून आलं, हे आपल्या शाखेला थोडं टोचायला हवं. त्यांचा क्रम बघ. 1995-96 मध्ये 39 गावांतली 763 बाळं आधी नुसती घरी जाऊन पाहिली. महिनाभर काय होतं बाळाचं, केव्हा आजारी पडतं, कुणाकडे नेतात. आपण गेलो असतो तर पहिल्या दिवसापासून औषधं वाटत सुटलो असतो. मग गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना श्वास मोजायला, वजन करायला, गुदमरलेल्या बाळात श्वास भरायला, जंतुदोष ओळखून जेन्टामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. आमच्या परिषदांमध्ये तेव्हा चहाच्या टेबलावर चर्चा असायची, 'बाईच्या हातात जेन्टा?' डिसेंबर 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आकडे आले. 1993-95 मध्ये हजारी 62 असलेला नवजात मृत्युदर 1997-98 पर्यंत 25.5 वर, आणि तुलनेच्या 47 गावांत जवळपास होता तिथेच. टेबलावरची चर्चा थांबली. 2011 पासून देशभर आशा ज्या घरभेटी देतात त्या याच कामातून निघाल्या. तुझ्या मुलीच्या बाबतीत हुकलेल्या त्या दोन भेटी याच.

म्हणजे औषध आहे, रीत आहे, माणूसही आहे. एका बाळामागच्या सगळ्या भेटी पुऱ्या केल्यावर 250 रुपये मोबदला घेणारी, स्वतःच्या चपला झिजवणारी बाई आहे. नाही ते इतकंच की सासरची यादी आजोळच्या यादीशी बोलत नाही. ते कुणाचंच काम नाही, म्हणून ते तुझं.

आता रोकडं बोलते.

फेलोशिप घे. अपराधीपणा न ठेवता जा. तू वर्षभर एकटीने वॉर्ड रेटलायस, झोप उडालीय, अशा अवस्थेत 'राहते' म्हणणं हा निर्णय नव्हे, प्रायश्चित्त आहे. नवजात बाळांचा हात पक्का कर. शिकता येईल तेवढं कांगारू केअर (बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देणं) मनापासून शिक, तिथे ते कुणाला फारसं ग्लॅमरस वाटत नसलं तरी. 2021 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत 1 ते 1.8 किलोची बाळं जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवली, तर मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले. आपलं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. तुझी 1600 ग्रॅमची मुलगी अडीच तास ओलसर शालीत आली. तोच प्रवास तिने आईच्या किंवा आजीच्या पोलक्याच्या आत, कातडीला कातडी लावून केला असता तर 33.4 ला पोचली नसती. जीपवाल्याला हे शिकवायला काही लागत नाही. पण शिकवणाऱ्याला स्वतः पटलेलं लागतं, आणि ते अतिदक्षता विभागात पटतं.

एमपीएच आत्ता नको. वाईट म्हणून नव्हे. त्रिवेंद्रमच्या अच्युत मेनन केंद्रात, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत चांगलं शिकवतात, पुढे जरूर जा. पण प्रश्न हातात नसताना गेलेली मुलं दोन वर्षांनी देखणे तक्ते घेऊन परत येतात, आणि काय विचारायचं होतं तेच राहून जातं. बंगही आधी वर्ध्याजवळच्या गावांत काम करून मग जॉन्स हॉपकिन्सला गेले. तुझा प्रश्न तुला आत्ता मिळालाय, त्याला दोन वर्षं मुरू दे.

फेलोशिपनंतर नोकरी शोधताना पद काय, गाव कुठलं यापेक्षा एक विचार: इथे माझा छेद कोणता? जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात जागा मिळाली तर सोनं. अख्ख्या जिल्ह्याची नाजूक बाळं तिथून जातात, ट्यूबही टाकायला मिळते. आणि डिस्चार्ज झालेली बाळं सहा महिन्यांनी कुठे आहेत हे तिथल्या कुणाला सांगता येत नाही. डिस्चार्जचं रजिस्टर उघडून आशांना फोन लावायला लागलीस की झालं सामुदायिक आरोग्य सुरू. पद कंत्राटी असेल तर सही करण्याआधी पगार, सुट्ट्या, मुदत लेखी बघ. लाजू नकोस. कर्जाचा हप्ता जाईल एवढं मिळत नसेल तर नाही म्हण.

मामाचं हॉस्पिटलही मी निकालात काढणार नाही. सांगली म्हणजे साखरपट्टाच, कोप्या तिथेही पडतात, वीटभट्ट्या तिथेही आहेत. अमेरिकेत फ्लिंट नावाच्या शहरात 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलला. लोक सांगत होते पाणी खराब आहे, अधिकारी ऐकत नव्हते. मोना हॅना-अटीशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी काय केलं, तर आपल्याच हॉस्पिटलचे मुलांच्या रक्ताचे जुने-नवे रिपोर्ट काढले. शिसं जास्त असलेल्या मुलांचं प्रमाण 2.4 टक्क्यांवरून 4.9 वर गेलेलं. सप्टेंबर 2015 मध्ये त्यांनी ते जाहीर मांडलं, आधी अधिकाऱ्यांनी त्यांनाच खोटं ठरवायचा प्रयत्न केला, पुढच्याच महिन्यात शहराला पुन्हा जुन्या पाण्यावर जावं लागलं. बाई गाव सोडून कुठे गेल्या नव्हत्या. हातातल्याच कागदांची बेरीज केली. मामाला फक्त आधीच सांगून ठेव की आठवड्यातली एक संध्याकाळ माझी, तिचा हिशेब विचारायचा नाही. तो 'बघू' म्हणाला तर समज.

होणाऱ्या नवऱ्याबद्दल मी काय सांगू? गप्प आहे म्हणजे विरोधात आहे असं नाही, सोबत आहे असंही नाही. त्याला दोन दिवस तिकडे बोलाव. रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसू दे. नंतर तो काय बोलतो ते ऐक.

राहिले दोन महिने. या दोन महिन्यांत एक वही कर, साधी, दोनशे पानी. तुझ्या वर्षात तुझ्यासमोर गेलेलं प्रत्येक नवजात बाळ एका पानावर. निदान एका ओळीत, ते तुला येतंच. बाकीचं पान वेळेचं: आजारी आहे हे घरी कुणाच्या केव्हा लक्षात आलं, निघायचं कुणी ठरवलं, भूमकाकडे (गावातल्या वैदूकडे) आधी गेले का, पोटावर डंबा (तापल्या लोखंडाचा चटका) दिला होता का, गाडी केव्हा मिळाली, दारात पोचल्यावर तुझ्यापर्यंत यायला किती वेळ गेला. हा शेवटचा प्रश्नही प्रामाणिकपणे लिही. बहुतेक उत्तरं तुला माहीत नसतील. आशांना माहीत आहेत, म्हणून आधी माफी म्हणाले. भूमकाचं नाव निघालं तर नाक मुरडू नकोस. तो रात्री दोनलाही दार उघडतो आणि कोरकू बोलतो, आपण दोन्ही करत नाही. अशी दहा-बारा पानं झाली की तुला दिसेल, वेळ सगळीकडे सारखा जात नाही, एक-दोन जागांवरच सांडतो. माझा अंदाज, 'बाहेरगावी' ही त्यातली एक. ती जागा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना दाखव. आजोळी आलेल्या लेकींची वेगळी यादी ठेवायची, आणि 'बाहेरगावी' लिहिलं की पुढे गावाचं नाव आणि तिथल्या आशाचा फोन नंबर लिहायचा, एवढीच मागणी कर. कागदाचा एक रकाना. मिळेल. वही पुढच्या डॉक्टरच्या हातात दे, टेबलावर ठेवून जाऊ नकोस.

आणि एक. भट्टीवर गेलेली माणसं मेळघाटात होळीला परततात, काही झालं तरी परततात. होळी 31 मार्चच्या आत आहे. त्या मुलीची आई तेव्हा गावात असेल. आशाताईला घेऊन जा, म्हणजे कोरकू बोलायला कुणी असेल. औषध नेऊ नकोस, समजावू नकोस. फगव्याला, म्हणजे होळीच्या देण्यात, काही हातावर ठेवतील ते घे. आणि ते गाव सासरचं होतं की आजोळचं, एवढं मला कळव.